थंड चीज, मोकळा कीस

फूड प्रोसेसर घरात येतो तो बहुधा कणीक मळायला आणि नारळ खवायला. त्याच्याबरोबर खोक्यातून आलेल्या काप करायच्या, बारीक किसायच्या, जाड किसायच्या चकत्या कागदात गुंडाळलेल्याच माळ्यावर जातात. फार तर गाजरहलव्याच्या दिवसांत एकदा खाली उतरतात. चीज किसायची वेळ आली की आपण जुनी पत्र्याची किसणीच हातात घेतो. दोन सँडविचपुरतं किसायचं असेल तर तेच बरोबर आहे. पण मुलांच्या वाढदिवसाला वीस जणांचे पिझ्झे करायचे असतील, भिशीला बेक्ड डिश न्यायची असेल किंवा तुम्ही घरून ऑर्डरी घेत असाल, तर अर्धा-एक किलो चीज हाताने किसताना मनगट भरून येतं, शेवटच्या तुकड्याला बोटं सोलवटतात आणि हाताच्या उबेने मऊ पडलेलं चीज किसणीलाच लडबडून बसतं. यंत्र हेच काम काही मिनिटांत करतं. त्यासाठी चीज मात्र थंड हवं.

यंत्रात चीज किसणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. चकतीवर लगदा बसला, खाली कीस पडायच्या ऐवजी गोळाच पडला, यंत्र घुरघुरत अडलं. मोटर लहान म्हणून, पाती बोथट म्हणून, असं काय काय सांगितलं जातं. बहुतेक वेळा कारण साधं असतं: चीज ओट्यावर पडून राहिलेलं होतं. चीजमध्ये दुधातल्या केसीन या प्रथिनाचं जाळं असतं आणि त्या जाळ्यात स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं. दुधाचा स्निग्धांश एका ठरावीक अंशाला एकदम वितळत नाही, हळूहळू सैल होत जातो. फ्रीजमध्ये ४-५ अंश सेल्सिअसला त्याचा बराच भाग घट्ट असतो, २० अंशांच्या आसपास बहुतेक सैल झालेला असतो आणि ३५-४० अंशांना पुरता पातळ होतो. आता मे महिन्यातलं जळगावचं किंवा सोलापूरचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. तिथे दहा मिनिटांतच चीजचा बाहेरचा थर मऊ पडतो. त्यात फिरत्या चकतीच्या घर्षणाची उष्णता मिळते. सैल झालेला स्निग्धांश चकतीच्या भोकांना लिंपतो, भोकं बुजतात, किसाला खाली पडायला वाट उरत नाही, घर्षण आणखी वाढतं आणि उष्णताही. हे एकदा सुरू झालं की जोर लावून दाबल्याने फक्त लगदा वाढतो. त्या क्षणी यंत्र बंद करून चीज आणि चकती दोन्ही परत गार करणं, एवढाच मार्ग असतो.

म्हणून चीज आधी फ्रीजरमध्ये ठेवायचं. किती वेळ, ते चीजवर अवलंबून आहे. प्रोसेस्ड चीजच्या २०० ग्रॅमच्या लादीला १५ ते २० मिनिटं पुरतात. मोझरेला जास्त ओलसर आणि लवचीक असतं, त्याला अर्धा तास लागतो. एक किलोची लांब लादी असेल तर ती अख्खी आत सारू नका, बाहेरून टणक होते आणि गाभा मऊच राहतो. आधी यंत्रात चीज घालायच्या नळीच्या मापाचे तुकडे करा, एका ताटलीत सुटे मांडा आणि मग ठेवा. झालं की नाही हे घड्याळापेक्षा बोटांना जास्त चांगलं कळतं. दाबल्यावर ठसा उमटायला नको, पण सुरी थोडा जोर लावताच आत शिरायला हवी. सुरी शिरतच नसेल तर चीज जास्त गोठलं. तसं घातलं तर किसाऐवजी भुगा पडतो आणि चकतीवर व मोटरवर ताण येतो. फ्रीजरमध्ये विसरून ते दगड झालंच, तर रात्रभर खाली फ्रीजच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी किसा.

उन्हाळ्यात स्टीलची चकतीही दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी. धातू लवकर गार होतो आणि चीजला तेवढीच मदत होते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात अडचण जरा वेगळी असते. हवेत इतका दमटपणा असतो की फ्रीजरमधून काढलेल्या चीजवर बघता बघता पाण्याचे थेंब जमतात, आणि हेच पाणी किसाला एकमेकांत चिकटवतं. तिथे तुकडे लागतील तसे थोडे थोडे बाहेर काढावेत आणि नळीत घालण्याआधी कोरड्या सुती फडक्याने टिपावेत.

कोणतं चीज, कसा कीस

आपल्याकडे नुसतं ‘चीज’ म्हटलं की बहुतेक घरांत प्रोसेस्ड चीज समजलं जातं, मग ते अमूलचं असो किंवा मंचरच्या पराग मिल्क फूड्सचं ‘गो’. हे चीज तयार करताना मुरवलेलं चीज वितळवून त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार मिसळतात. स्वित्झर्लंडमधल्या थुन गावात वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ श्टेट्लर यांनी १९११मध्ये ही पद्धत बसवली. उद्देश होता चीज उष्ण प्रदेशात न बिघडता पोचावं हा. हे क्षार केसीनला बांधून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतात, मग मोकळं झालेलं केसीन स्निग्धांशाला आणि पाण्याला घट्ट धरून ठेवतं. म्हणून प्रोसेस्ड चीज तापवलं तरी तेल सोडत नाही, गुळगुळीत वितळतं, पण त्याची तार येत नाही. किसण्याच्या दृष्टीने हे सगळ्यांत गरीब चीज. सगळीकडे सारखं, भेगा नाहीत, बेताचं टणक. पहिल्यांदा यंत्रावर किसणाऱ्यांनी यावरच हात बसवावा. छोट्या वड्यांपेक्षा मोठी लादी घ्या. वड्यांचे एकेक कागद सोडवण्यातच वेळ जातो आणि छोटे तुकडे नळीत आडवेतिडवे पडून कीस आखूड पडतो.

मोझरेलाला जास्त जपावं लागतं. ते करताना दह्यासारखा साका गरम पाण्यात मऊ करून ताणतात, घड्या घालतात आणि परत ताणतात. त्यामुळे प्रथिनांचे धागे एका दिशेला लागतात, आणि पिझ्झ्यावरची तार त्यातूनच येते. पण त्याच लवचीकपणामुळे कोमट मोझरेला पात्याखाली कापलं न जाता ओढलं जातं. त्याला जाड किसायची चकतीच वापरा. बारीक चकतीवर कितीही गार मोझरेला घातलं तरी ते थोड्या वेळाने लिंपतंच, आणि बारीक कीस भट्टीत लवकर करपतो तो वेगळाच. बाजारात पिझ्झासाठी म्हणून मिळतं ते कमी पाण्याचं, लादीच्या रूपातलं मोझरेला घ्यायचं. पाण्यात बुडवून ठेवलेले ताज्या मोझरेलाचे पांढरे गोळे किसायचे नसतात. ते हाताने तोडून, पाणी निथळवून वापरावेत.

चेडार आणि गौडा छान किसले जातात, त्यांना २० मिनिटांचा गारवा पुरतो. जुनं, मुरलेलं चेडार ठिसूळ असतं, त्याचा थोडा चुरा पडणारच, त्याची काळजी करू नका. पार्मेझानसारखं अगदी टणक चीज मात्र चकतीवर घालू नये. त्यासाठी खालचं धातूचं चिरायचं पातं लावायचं, चीजचे बोराएवढे तुकडे करायचे आणि थांबत थांबत फिरवायचं. त्याची रवाळ पूड होते आणि पास्त्यावर भुरभुरायला ती तशीच हवी असते. सुरीचं टोक ज्यात शिरत नाही ते यंत्रात घालायचं नाही, हा नियम सगळ्याच चीजला लावा. (शाकाहारी घरांसाठी एक नोंद: अस्सल इटालियन पार्मिजानो रेज्यानोत वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट वापरलेलं असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या.) पनीरही जाड चकतीवर चांगलं किसलं जातं, फक्त घट्ट दाबलेलं आणि फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेलं हवं. घरी केलेलं ताजं, ओलसर पनीर हातानेच कुस्करावं.

विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. घटकांत खाद्य वनस्पती तेल किंवा पाम तेल लिहिलेलं असेल आणि ‘अॅनालॉग’ असा शब्द असेल, तर ते दुधाचं चीज नव्हे. ते किसलं चांगलं जातं, स्वस्तही पडतं, पण चव आणि वितळणं यांत फरक आहे. आणि लहान मुलांना आपण काय खाऊ घालतो आहोत हे आपल्याला माहीत असावं, असं मला फार मनापासून वाटतं.

तयार किसलेलं चीजही आता सगळीकडे मिळतं. घाईच्या वेळी त्याची सोय आहेच. पण पाकिटात तो कीस मोकळा राहावा म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते आणि बुरशी येऊ नये म्हणून पुष्कळदा नॅटामायसिनही असतं. हे पदार्थ नियमांत बसणारेच आहेत, पण पुडीच्या थरामुळे कीस एकजीव वितळायला वेळ घेतो. व्हाइट सॉसमध्ये घातला तर कधी कधी जिभेला खरखर लागते. लादी आणून घरी किसलेलं चीज अधिक चांगलं वितळतं, आणि हे पहिल्या पिझ्झ्यालाच लक्षात येतं.

यंत्रावर

नव्याने यंत्र घेत असाल तर कंपनीच्या नावाआधी नळीचं तोंड बघा. आपल्याकडच्या बऱ्याच फूड प्रोसेसरची नळी अरुंद असते, दोन-तीन बोटं जेमतेम शिरतील एवढी. चीजच्या लादीच्या लांब कांड्या करून त्यात उभ्या घालाव्या लागतात. परदेशात राहणाऱ्या वाचकांकडे मोठ्या भांड्याची, रुंद तोंडाची यंत्रं असतात, त्यांना अर्धी लादी आडवी घालता येते आणि कीस लांबलचक पडतो. कांड्या नळीच्या मापापेक्षा किंचित बारीक कापा. घट्ट बसलेली कांडी मध्येच अडकते, आणि फार सैल असेल तर आत लवंडून पडते, मग कीस वाकडातिकडा येतो.

चकती बसवताना तिची बाजू तपासा. किसायच्या पात्यांची उचललेली धार वरच्या अंगाला हवी. काही चकत्यांत एका बाजूला काप आणि दुसऱ्या बाजूला कीस असतो, काहींत पाती बदलता येतात. चकती मधल्या खुंटीवर पूर्ण खाली बसली की झाकण लावा. झाकणाची खिटी नीट लागल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, ते आपल्या बोटांच्या रक्षणासाठी. ही खिटी चमचा घालून वगैरे चुकवणारे लोक आहेत, तुम्ही ते कधीही करू नका. चकतीवर आधी तेलाचा एखादा थेंब बोटाने पुसून घेतला तर चीज कमी चिकटतं. शेंगदाण्याच्या तेलाचा वास चीजला लागतो, त्यामुळे सूर्यफुलाचं तेल बरं. तेल लावताना यंत्राची पिन काढलेली असू द्या.

आता कांडी नळीत घाला, वर दट्ट्या ठेवा, दट्ट्यावर हाताचा नुसता भार द्या आणि मग सर्वांत कमी वेगावर यंत्र सुरू करा. यंत्र आधी चालू करून वरून चीज टाकलं तर पहिला तुकडा चकतीवर नाचतो, कडा तुटतात आणि चुरा होतो. दट्ट्या अजिबात न धरता चीज आपोआप खाली जाईल असं धरून बसलात तरी तेच होतं. जोराने दाबणं तर टाळायचंच. दाबलं की चीज पात्यावर घासलं जातं, घासलं की तापतं. चीज आपल्या गतीने खाली सरकताना दट्ट्या फक्त त्याच्या मागोमाग जाईल इतकाच भार पुरे. पाच-सात सेकंद चालवा, थांबा, पुढची कांडी घाला. कमी वेगाचं कारणही हेच, घर्षण कमी. मिक्सरचीच मोटर वापरून चालणाऱ्या काही यंत्रांत किसायच्या भांड्याखाली दातेरी चक्रं बसवून वेग आधीच उतरवलेला असतो, तरीही बटण एकच्या पुढे नेऊ नका.

भांडं भरू देऊ नका, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खाली पडलेल्या किसाचा ढीग वर येऊन चकतीला टेकला की फिरती चकती तो वरून दाबत राहते आणि मोकळ्या किसाचा थापलेला गोळा होतो. भांडं अर्धं भरलं की थांबा, चकती पूर्ण थांबली याची खात्री करा, कीस परातीत काढा आणि परात फ्रीजमध्ये सरकवून पुढच्या कांड्या घ्या. किलोभर चीज असेल तर दर पाव किलोनंतर चकतीला हात लावून बघा, अर्थात पिन काढून. कोमट लागली तर पाच मिनिटं फ्रीजमध्ये. शेवटी झाकण आणि चकती यांच्यामध्ये चीजचा एक पातळ पापुद्रा उरतोच, कारण तिथे थोडी फट ठेवलेली असते. तो काढण्यासाठी बोट किंवा चमचा नळीत घालायचा नाही. झाकण उघडून तो वेगळा करा आणि हाताने चिरून किसात मिसळा, किंवा घरात कुणी लहान असेल तर तो आपोआप संपतो.

ज्यांच्याकडे फूड प्रोसेसर नाही, फक्त मिक्सर आहे, त्यांचा प्रश्न असतो की मिक्सरच्या भांड्यात चीज किसलं जातं का. कीस पडत नाही, चुरा मात्र चांगला होतो. मिक्सरची मोटर मिनिटाला १८,००० ते २०,००० फेरे घेऊ शकते, ती मसाले आणि डाळ-तांदूळ वाटण्यासाठी आहे. सलग फिरवलं तर अर्ध्या मिनिटात चीजचा गोळा पात्याभोवती गुंडाळतो. तरीही चीज पराठा, चीज बॉल, कॉर्न-चीज टोस्ट, मुलांच्या डब्यातलं थालीपीठ अशा ठिकाणी चुरा उत्तम चालतो. त्यासाठी प्रोसेस्ड चीजच्या वड्या २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, प्रत्येकीचे चार तुकडे करा, लहान भांड्यात एका वेळी तीन-चार वड्यांपेक्षा जास्त घालू नका, त्यावर पाव चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि बटण डावीकडे फिरवून दोन दोन सेकंदांचे चार-पाच झटके द्या. मध्ये एकदा भांडं हलवून घ्या. ओल्या चटणीच्या भांड्यात हे करू नका. भांडं कोरडं ठक्क हवं आणि लसणाचा वास गेलेला हवा. मोझरेला मिक्सरमध्ये घालू नये. त्याची रबरासारखी गुठळी होते आणि पात्याखालून ती काढताना हाताला इजा व्हायची भीती असते.

ओट्याला चिकटवून हाताने फिरवायच्या, पिंपाच्या आकाराच्या किसण्या मिळतात, त्या मला चीजसाठी मनापासून आवडतात. विजेची गरज नाही, वेग हातात, बोटं पात्यापासून लांब. पाव-अर्धा किलोचं काम त्यावर आरामात होतं, आणि धुवायला फूड प्रोसेसरच्या भांड्यांपेक्षा निम्मी कटकट. महिन्यातून एकदा पिझ्झा होणाऱ्या घराला ही पुरेशी आहे. केवळ चीजसाठी म्हणून मोठं यंत्र विकत घ्यायचं कारण नाही.

किसल्यानंतर

कीस लगेच वापरायचा असेल तर त्याला काही लावू नका. ठेवायचा असेल तर पाव किलोला दीड-दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरून हलक्या हाताने, बोटांच्या टोकांनी वरखाली करा. कणीक कालवल्यासारखं मळायचं नाही. हे पीठ वरचा ओलावा शोषून घेतं आणि कीस सुटा राहतो. सॉस करताना त्याचा आणखी उपयोग होतो, सॉस फाटत नाही. उपासाच्या थालीपिठात चीज घालणाऱ्यांनी कॉर्नफ्लोअरऐवजी आरारूट घ्यावं, काम तेच होतं.

किसलेल्या चीजचा पृष्ठभाग लादीपेक्षा कितीतरी जास्त हवेला लागतो, म्हणून ते लवकर बिघडतं. फ्रीजमध्ये कोरड्या, झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवसांत संपवा. त्यात ओला चमचा किंवा हात घालू नका. जास्त दिवस ठेवायचं तर फ्रीजर. कीस ताटात पातळ पसरून तासभर गोठवा आणि मगच झिपच्या पिशव्यांत भरा, म्हणजे दाणे सुटे राहतात आणि लागेल तेवढी मूठ काढता येते. एका मोठ्या पिशवीपेक्षा एका वेळच्या वापराच्या लहान पिशव्या कराव्यात, हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. दोन-तीन महिने चव चांगली राहते. वापरताना वितळवत बसायचं नाही, गोठलेला कीस तसाच पिझ्झ्यावर किंवा बेक्ड डिशवर पसरायचा. भारनियमनाच्या भागात वीज बराच वेळ गेली आणि कीस पार सैल पडला, तर तो परत गोठवू नका. स्पर्शाला अजून गार असेल तर त्याच दिवशी संपवा. टणक चीजच्या लादीवर एका जागी बुरशी दिसली तर त्याभोवतीचा आणि खालचा इंचभर भाग काढून उरलेलं वापरता येतं. किसलेल्या चीजवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळी पिशवी टाकून द्यायची, कारण तिचे धागे त्यात कुठवर गेले हे कळत नाही.

धुताना गरम पाण्याने सुरुवात करायची आपली सवय इथे उलटी पडते. गरम पाण्याने भोकांतलं चीज वितळून तारा होतात आणि त्या स्क्रबरमध्ये अडकून बसतात. आधी गार पाण्याच्या धारेखाली ब्रशने, पात्याच्या धारेच्या उलट दिशेने, भोकांतले कण काढा, नंतर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. जुना दात घासायचा ब्रश खास यासाठी ठेवावा. घासणी हातात घेऊन चकती चोळू नका, ती पाती दिसतात त्यापेक्षा धारदार असतात. भांड्यांना बाई येत असतील तर चकती मोरीत इतर भांड्यांखाली दडलेली ठेवू नये, ती आपणच धुऊन पुसून ठेवावी. त्याहून सोपी युक्ती म्हणजे कामाचा क्रम बदलणे. बेक्ड डिशसाठी चीज आणि गाजर दोन्ही किसायचं असेल तर आधी चीज, मग चकती न धुता गाजर. कच्चं गाजर किंवा बटाटा भोकांतलं उरलेलं चीज ढकलून बाहेर काढतो आणि तेही पदार्थातच जातं.

अंदाज घ्यायला सोपं जावं म्हणून: १०० ग्रॅम चीजचा मोकळा, न दाबलेला कीस साधारण एक कप भरतो. दहा इंची पिझ्झ्याला १२० ते १५० ग्रॅम पुरतं. तीन भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड घेतलं तर तारही येते आणि आपल्या जिभेला हवा तो खारटपणाही. सहा जणांच्या बेक्ड डिशवर १०० ते १५० ग्रॅमचा थर बसतो. पावभाजीवर घालताना प्रोसेस्ड चीजच चांगलं, आणि चीजमध्ये मीठ भरपूर असतं हे धरून भाजीत मीठ कमी ठेवा. व्हाइट सॉसमध्ये घालायचं तर आधी गॅस बंद करा, सॉस मिनिटभर निवू द्या आणि कीस मूठ मूठ घालत ढवळा. पहिली मूठ दिसेनाशी झाल्यावरच दुसरी घाला. चेडार उकळत्या सॉसमध्ये घातलं तर प्रथिनं आकसतात आणि तेल वर तरंगतं.